बोलता येत नाही याचा पुरावा

"पण माझं वाक्य चुकलंय तरी कुठे, बाई?"

कौस्तुभ नाडगौडानं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज जरा चढा होता.

बाई शेंगा सोलत होत्या. टरफलं एका ताटात, दाणे दुसऱ्या ताटात. त्यांनी मान वर केली नाही.

"चुकलंय असं मी कुठं म्हटलं?" त्या म्हणाल्या. "व्याकरण चोख आहे."

"मग पुढचा धडा का देत नाही?"

...

पन्हाळ्यावर बाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. कोल्हापूरच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या आणि थंड हवेला येऊन राहिल्या. सुमित्राबाई शिंत्रे हे त्यांचं पूर्ण नाव. आम्ही नुसतंच बाई म्हणत असू.

रविवारी दुपारी आम्ही तिघं गड चढून त्यांच्याकडे लोजबान शिकायला जायचो. कौस्तुभ, दळवी वकील आणि मी.

लोजबान ही माणसांनी ठरवून, बसून बनवलेली भाषा. कुणाची मातृभाषा नाही, तिच्यातून कुणी कुणाला कधी शिव्या घातल्याचं ऐकिवात नाही. तिचं मोठेपण असं, की तिच्यातल्या वाक्याची रचना एकाच रीतीनं लागते. कुठला शब्द कशाला जोडलाय यावरून दोन मतं होऊच शकत नाहीत.

आमच्या घरच्यांना वाटायचं, आम्ही कुठल्या तरी बुवाच्या नादी लागलोय. माझी बायको तर शेजारी सांगायची, ते गडावर जातात, काय करतात देव जाणे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. काय करतो हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

कौस्तुभचं तसं नव्हतं. तो इंजिनिअर माणूस, डोकं तल्लख. आम्ही दोन वाक्यं जोडताना घामाघूम व्हायचो, तेव्हा हा पठ्ठ्या सात-आठ वाक्यांची माळ एका दमात म्हणून दाखवायचा आणि वर आमच्याकडे बघून हसायचा. दळवी वकिलांना ते हसू फार लागायचं. मलाही लागायचं, पण मी शेंगा खाऊन गप्प बसायचो.

...

बाईंच्या घरात एक रीत होती.

लोजबानमध्ये 'काक्ने' असा एक शब्द आहे. अमुक करता येतं, असं सांगायचा. बाईंच्या घरात हा शब्द वापरणाऱ्याला ते तिथल्या तिथे करून दाखवावं लागे. नवा माणूस वाक्य म्हणून मोकळा व्हायचा, आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "दाखव की."

दळवी वकील एकदा म्हणून गेले, मला शीर्षासन करता येतं. झालं. कोपऱ्यातल्या भिंतीला टेकून साठीचा माणूस डोक्यावर उभा राहिला. खिशातल्या किल्ल्या पडल्या, चष्मा पडला, तंबाखूची पुडी सुटली. वकील मात्र उभे राहिले. पुढचे काही दिवस ते कोर्टात मान वाकडी करूनच युक्तिवाद करत होते.

मी एकदा म्हटलं, मला पुरणपोळी करता येते. त्या पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या. कुणी काही बोललं नाही.

तेव्हापासून आम्ही तो शब्द जपून वापरू लागलो. येतं म्हणण्याआधी माणूस किती वेळ गप्प बसू शकतो, हे मला त्या घरात कळलं.

कौस्तुभला मात्र यातून वाट सापडली होती. 'काक्ने' या शब्दाला तीन जागा आहेत. कुणाला येतं, काय करता येतं आणि कोणत्या परिस्थितीत येतं. तिसरी जागा रिकामी ठेवली तरी चालते. कौस्तुभ ती कधीच रिकामी ठेवायचा नाही. मला गड पळत चढता येतो, गुडघा दुखत नसेल तर. मला गाता येतं, घसा बसलेला नसेल तर. बाई म्हणायच्या, दाखव की. हा म्हणायचा, आज अट पूर्ण होत नाही, बाई.

बाई सोडून द्यायच्या.

...

त्या दिवशीचं वाक्य निराळं होतं.

'मि काक्ने लो नु ताव्ला लो मि ब्रुना.' मला माझ्या भावाशी बोलता येतं. पुढे अट होती, त्यानं आधी चूक कबूल केली तर. त्यापुढे दुसरं वाक्य जोडलेलं होतं, की तो तेव्हा थांबला नाही, म्हणून मी बोलत नाही.

हा भाऊ कोण, हे आम्हाला ठाऊक होतं. श्रीधरदादा इचलकरंजीला राहायचे. या दोघांचे वडील गेले तेव्हा कौस्तुभ कंपनीच्या कामाला जमशेदपूरला होता. निघाला लगेच, पण धुक्यानं विमान अडकलं. इकडे उन्हाळा नसला तरी वडीलधारे घाई करू लागले. किती वेळ ठेवायचं, म्हणाले. दादांनी अग्नी दिला. कौस्तुभ स्मशानात पोचला तेव्हा लोक परत निघाले होते.

तो दादांना एवढंच म्हणाला, थांबायचं होतंस. दादांनी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

आई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. महिना भरला की कोल्हापुरात कावळा नाक्यावर दोन गाड्या यायच्या. एक भाऊ आईची पिशवी खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. म्हातारी दोघांच्या मध्ये उभी राहायची. मी एकदा ते पाहिलं होतं. पाहवत नाही.

आणि आज महिना भरला होता. आईनंच हट्ट धरला होता, की दर रविवारी कौस्तुभ जातो ती जागा मला बघायची आहे, मला तिकडेच सोड. म्हणजे चारच्या सुमारास श्रीधरदादा आईला घेऊन याच दारात येणार होते. कौस्तुभनं तसं आल्या आल्याच बाईंना सांगितलं होतं. मग बसून हे वाक्य म्हटलं होतं.

आईनं त्याला फोनवर विचारलं होतं म्हणे, तुला त्याच्याशी बोलता येत नाही का रे? तिला मराठीत काय सांगायचं, म्हणून त्यानं उत्तर इथे येऊन दिलं. इथे गैरसमजाला जागा नव्हती.

...

"दाखव की," बाई म्हणाल्या होत्या.

"अट पूर्ण झालेली नाही, बाई."

आणि बाईंनी या वेळी सोडून दिलं नव्हतं. म्हणाल्या होत्या, मग पुढचा धडाही राहू दे. तिथूनच वाद पेटला होता.

आता त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"ते 'म्हणून' कुठलं घातलंस?"

इथे थोडं सांगायला हवं. आपलं मराठीतलं 'म्हणून' कुठेही चालतं. लोजबानमध्ये चार आहेत. धक्का लागला म्हणून भांडं पडलं, हे एक. भूक होती म्हणून जेवलो, हे दुसरं, त्यात माणसाच्या मनातलं कारण येतं. नियम मोडला म्हणून शिक्षा दिली, हे तिसरं. त्यात आपण केलं ते योग्यच होतं असं सांगायचं असतं. आणि चौथं तर्काचं. एक खरं असेल तर दुसरं खरं असलंच पाहिजे, सुटका नाही. वाक्यं जोडायची तर आधी यातलं एक निवडावं लागतं.

"चौथं," कौस्तुभ म्हणाला. त्याला त्याचा अभिमान होता. "तो थांबला नाही. त्यावरून मी न बोलणं अटळच आहे."

"अटळ?"

"हो."

"म्हणजे ज्याचा ज्याचा भाऊ थांबला नाही, तो तो माणूस जन्मभर बोलत नाही."

...

"तसं नाही," कौस्तुभ म्हणाला. "बरं, तिसरं घ्या. मी बोलत नाही ते योग्यच आहे, असं म्हणतोय मी."

"कुणाला सांगतोयस? मला?"

कौस्तुभनं आमच्याकडे पाहिलं. दळवी वकील छताकडे बघत होते. एरवी त्यांना मजा वाटली असती. पण त्यांच्याही तोंडावर हसू नव्हतं.

"आम्ही कुणी विचारलं नव्हतं रे," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उलट माया होती.

...

"पहिलं असेल तर बघ," त्या म्हणाल्या. "तोंडावर काही पडलंय का? जबडा अडकलाय?"

"बाई, चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही. राहिलं दुसरं. ते तूच सांग."

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता. मला वाटलं आता हा उठून जाणार. तो उठला नाही.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

...

"मी बोलेन, आणि तो त्या दिवशीसारखाच गप्प राहील. मग काय करू? आत्ता निदान मी बोलत नाही म्हणून तो बोलत नाही, असं मला म्हणता येतं."

हे तो मराठीत बोलला. बाईंनी त्याला टोकलं नाही. वर्गात स्वतःविषयी मराठीत बोललं की त्या हमखास टोकायच्या.

...

बाहेर गाडी थांबली.

मी आणि दळवी वकील उठलो. कौस्तुभ जागचा हलला नाही. गाडी बाईंच्या फाटकापाशी उभी होती, इंजिन चालूच. श्रीधरदादा उतरून आईला हात देत होते. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले. त्यांनी पिशवी फाटकाच्या आत ठेवली आणि परत गाडीत जाऊन बसले. घराकडे पाहिलं नाही.

आम्ही आईंना आत आणलं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हातारी चारी भिंतींकडे बघत होती. इथे कसला अभ्यास चालतो हे तिला भिंतींवरून कळेल असं तिला वाटत असावं.

"तो थांबलाय," ती कौस्तुभला म्हणाली. "मी आत नीट बसेपर्यंत थांबणाराय. पाच मिनिटं म्हणाला."

कौस्तुभनं मान खाली घातली. मग बाईंकडे वळून, अगदी हळू, पण शब्दन् शब्द नीट उच्चारत म्हणाला,

"मि ना काक्ने लो नु ताव्ला लो मि ब्रुना."

मला माझ्या भावाशी बोलता येत नाही.

या वेळी अट नव्हती. त्याला दुसरं वाक्यही जोडलेलं नव्हतं. इतकं आखूड वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. चढेल माणूस हरला की बरं वाटेल असं मला नेहमी वाटायचं. बरं वाटलं नाही.

"आधीचं वाक्य मागे घेतो, बाई. हे खरं आहे. हे लिहून घ्या, धडा नको मला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"दाखव की," त्या म्हणाल्या.

...

दळवी वकील जागेवरच चुळबुळले. मलाही वाटलं, बाई आता फार करतायत. रीत झाली म्हणून काय झालं? माणूस कोण, वेळ कुठली, काही बघायचं की नाही?

"येत नाही म्हणतोय मी," कौस्तुभ म्हणाला. "येत नाही ते कसं दाखवणार?"

"इथं बसून तर मला दिसत नाही."

"बाई..."

"वकिलांना नसतं आलं डोक्यावर उभं राहता, तरी भिंतीपर्यंत जावंच लागलं असतं की."

कौस्तुभ दाराकडे बघत राहिला. गाडीचा आवाज येत होता.

"तिथे जायचं," तो सावकाश म्हणाला, "तोंड उघडायचं, आणि नाही आलं की परत यायचं. एवढंच ना?"

"एवढंच. नाही आलं तर वाक्य खरं."

"आणि मग तुम्ही मानाल? पुन्हा विचारणार नाही?"

"कधीच नाही."

तो उठला. चपला न घालताच पायऱ्या उतरला.

आईनं विचारलं, कुठे गेला हा? बाईंनी तिच्यापुढे दाण्यांचं ताट सरकवलं आणि सांगितलं, अभ्यासाला गेलाय, तुम्ही दाणे घ्या.

...

खिडकीतून फाटक दिसायचं. मी बघणार नव्हतो. पण वकील आधीच खिडकीत जाऊन उभे होते, मग मीही गेलो.

कौस्तुभ गाडीच्या काचेपाशी उभा होता. काच वर होती. तो उभाच राहिला. हात पाठीमागे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

काच खाली आली.

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. श्रीधरदादा समोर रस्त्याकडे बघत होते. कौस्तुभचं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"नाही जमत त्याला," वकील पुटपुटले. कोर्टात हा माणूस कुणाला दयामाया दाखवत नाही.

मग कौस्तुभ काहीतरी बोलला. थोडकंच. श्रीधरदादांनी मान वळवली. त्यांनीही काहीतरी म्हटलं, त्याहून थोडकं.

इंजिन बंद झालं.

त्यानंतर दोघं तसेच. एक आत, एक बाहेर. कौस्तुभचा हात काचेच्या कडेवर होता. दादांचा हात स्टिअरिंगवरून निघाला, पुढे कुठे जाणार होता ते आम्हाला कळलं नाही, कारण तेवढ्यात कौस्तुभ वळला आणि घराकडे यायला लागला. आम्ही घाईघाईनं आपापल्या जागी येऊन बसलो.

तो दारात थांबला. तळपाय मातीनं भरलेले. चेहरा पार उतरलेला, डोळे लाल.

...

"नाही आलं, बाई," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली.

"काय काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. एक शब्द फुटला नाही. शेवटी त्याला सांगूनच टाकलं, की दादा, मला तुझ्याशी बोलता येत नाही."

आईचा दाणा हातातच राहिला.

"तो काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"मलाही येत नाही, म्हणाला."

...

"अजून काय म्हणाला?"

"त्या दिवसापासून येत नाही, म्हणाला. तू थांबायचं होतंस म्हणालास, तेव्हापासून. रोज उत्तर शोधतो म्हणाला." कौस्तुभनं बाहीनं डोळे पुसले. "मग मी आलो निघून. मला पुढे काही सुचेना. तोही नुसता बघत होता."

बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. ते मिटल्याचा आवाज मात्र आला नाही.

कौस्तुभनं तो ऐकला. पण तो बाईंकडेच बघत राहिला, पेपर देऊन निकालाला उभा राहिल्यासारखा.

"म्हणजे माझं वाक्य खरं ठरलं ना, बाई?"

बाईंनी शेंगांचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. एक शेंग उचलली.

"अगदी खरं," त्या म्हणाल्या. "जा, अजून थोडा वेळ दोघं असंच बोलू नका."